लाल टोपणाची सुई

गोव्यातल्या कोरगावात रात्रीच्या जेवणाआधी फ्रीजच्या दारातून इन्सुलिनची बाटली काढणारी घरं आता कमी नाहीत. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाच्या प्रमाणात गोवा देशात पहिला आला: 26.4 टक्के. मिरवण्यासारखा नंबर नव्हे. सरकारी दवाखान्यातून इन्सुलिन फुकट मिळतं, पण ते बहुधा बाटलीतलं. ही दुधाळ 'तीस-सत्तर' मिश्रणाची बाटली तळहातांत हलकेच घोळवायची, झटके द्यायचे नाहीत. मग रबराच्या बुचातून आधी जेवढं औषध घ्यायचं तेवढीच हवा आत सोडायची आणि औषध ओढायचं. हातातल्या सिरिंजला लाल टोपण असतं आणि तिच्यावर लिहिलेलं असतं 40.

हा चाळीस आला कुठून, हे पाहायला टोरांटोला जावं लागतं. 11 जानेवारी 1922 रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाला बैलाच्या स्वादुपिंडाचा अर्क टोचला. दोन्ही कुल्ल्यांत मिळून तब्बल 15 मिलिलिटर! अर्क गढूळ होता. साखर थोडीच उतरली, टोचल्या जागी गळू मात्र झालं. संशोधक जेम्स कॉलिपने अर्क शुद्ध केला आणि 23 जानेवारीपासूनच्या इंजेक्शनांनी मुलगा सावरला. पोटातून द्यावं तर या अर्कातलं इन्सुलिन हे प्रथिन, जठरात पचून जातं. म्हणून सुईला पर्याय नव्हता. सुईसुद्धा कशी, तर काचेच्या सिरिंजची जाड पोलादी; रोज उकळायची, बोथट झाली की दगडावर घासायची.

त्यातही दिवसातून तीन-चारदा टोचावं लागे. तो त्रास कमी केला डेन्मार्कच्या हागेडोर्नने. 1936 मध्ये त्याने इन्सुलिनला प्रोटामाइनची जोड दिली आणि औषध अंगात सावकाश उतरू लागलं. हे प्रोटामाइन ट्राउट माशाच्या नराच्या वीर्यातलं. आपल्या 'तीस-सत्तर'मधला सत्तर टक्के भाग, तो दुधाळ रंग देणारा, याच घराण्यातला. नुस्त्याशिवाय न जेवणाऱ्या गोंयकाराने या नात्याची मौज घ्यायला हरकत नाही.

औषध शुद्ध होत गेलं तसं ते दाटही करता आलं. एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट, मग 80. सत्तरच्या दशकात अमेरिकेने हा गोंधळ मिटवून सरसकट 100 केले. आपल्याकडे बाटली चाळीसवरच राहिली. 2003 मध्ये वॉकहार्ट कंपनीने औरंगाबादेत मानवी इन्सुलिन बनवायला घेतलं, प्राण्यांच्या स्वादुपिंडाची गरज संपली, तरी बाटलीवरचा आकडा हलला नाही.

दरम्यान 1985 मध्ये डेन्मार्कच्याच नोवो कंपनीने पेन आणलं होतं. आत कार्ट्रिज, टोकाला बारीक सुई, मागचं बटण फिरवलं की टक-टक करत युनिट मोजले जातात. ज्याची दृष्टी अधू, हात थरथरता, त्याला हे वरदानच. इन्सुलिनचा पंपही आला, पण तो खिशाला जड. श्वासातून घ्यायचं इन्सुलिन 2006 मध्ये आलं आणि वर्षभरात बाजारातून उठलं. अशाच दुसऱ्या एका प्रकाराला भारतात डिसेंबर 2024 मध्ये परवानगी मिळाली.

खरी मेख अशी की पेनचं कार्ट्रिज 100 चं असतं. एकाच घरात आजोबांची बाटली 40 ची आणि सुनेचं पेन 100 चं. चाळीसच्या बाटलीतलं औषध नारिंगी टोपणाच्या, म्हणजे 100 च्या, सिरिंजने वीसच्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात जातात फक्त 8 युनिट. उलट, कार्ट्रिजमधलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजने वीसपर्यंत ओढलं तर जातात 50. पहिल्या चुकीत साखर चढते. दुसरीत माणूस बेशुद्ध पडतो आणि रात्री बांबोळीचं इस्पितळ गाठावं लागतं.

तेव्हा सुई भरण्याआधी बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून पाहा. आणि पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमध्ये सिरिंज कधीही खुपसू नका.