शिवराईचे मोल: नऊ अक्षरांच्या एका संहितेविषयी

1674 च्या मे महिन्यात मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन होडीने चौलला उतरला. तेथून खाडीमार्गे रोहे-अष्टमी, पुढे खुष्कीने निजामपूर आणि मग रायगडच्या पायथ्याचे पाचाड असा त्याचा प्रवास झाला. शिवराज्याभिषेकाच्या वर्णनासाठी त्याची नोंद आपण सर्वांनी वाचलेली असते. तो आला होता मात्र तहाच्या वाटाघाटींसाठी. इंग्रजांच्या मागण्यांमध्ये एक कलम नाण्यांचे होते: मुंबईत पाडलेले इंग्रजी नाणे महाराजांच्या मुलखात चालावे. इतर बहुतेक मागण्या मान्य झाल्या. या कलमाला मिळालेले उत्तर मात्र मासलेवाईक होते. कोणतेही नाणे चालण्यास आमची मनाई नाही. परंतु ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्तीही आम्ही तिच्यावर करणार नाही. तुमचे नाणे वजनाने आणि कसाने इतरांच्या तोडीचे असेल तर ते चालेल, असा त्या उत्तराचा आशय. जॉन फ्रायरच्या 1698 साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात हा वृत्तांत आला आहे.

या उत्तरामागे मोलाची एक स्पष्ट कल्पना आहे. नाण्याचे मोल धातूच्या वजनावर आणि शुद्धतेवर ठरते, त्यावरील अक्षरांवर नव्हे. आज साडेतीनशे वर्षांनंतर त्याच रायगडाशी निगडित असलेली शिवराई नाणेसंग्राहकांच्या बाजारात विकली जाते, तेव्हा हा न्याय पुरता उलटलेला असतो. तांब्याला कोणी विचारत नाही. पैसे मोजले जातात ते अक्षरांसाठी. अक्षरांची किंमत ठरू लागली की त्या व्यवहारात मराठीच्या अभ्यासकांनीही लक्ष घालायला हवे. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन एवढेच.

आधी त्या काळच्या किनाऱ्याकडे पाहू. चौल हे निजामशाहीचे नामांकित बंदर. लगतच्या रेवदंड्यास 1521 पासून पोर्तुगीजांचे ठाणे. अरबस्तान आणि इराणशी चालणाऱ्या व्यापारामुळे कोकणच्या बंदरांत लारी नावाचे विलक्षण नाणे रुळले होते. चांदीची तार मधोमध दुमडून तिच्यावर ठसा उमटवला की लारी तयार होई. इराणातील लार या शहरावरून तिला हे नाव पडले. घाटावरून दक्षिणेचे होन येत, मोगली रुपये येत. पुढे आंग्र्यांच्या अमलात अलिबागी रुपयाही चालला. एकाच बाजारात इतकी नाणी फिरत असल्यामुळे पारख करणाऱ्या सराफावाचून व्यवहार होत नसे आणि एका नाण्याचे दुसरे करून घेताना बट्टा द्यावा लागे. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत महाराजांच्या खजिन्याची जी यादी दिली आहे, तीत होनांचेच कितीतरी प्रकार नावानिशी मोजले आहेत: अच्युतराई, देवराई आणि त्यांच्या जोडीने शिवराई. बखरीचा अभ्यास करताना ही यादी आपण अलंकारिक वैभववर्णन समजून ओलांडून जातो. वस्तुतः ती त्या काळच्या चलनव्यवहाराची खरी नोंद आहे. भाषेनेही ही नोंद आपल्यापुरती ठेवली आहे. पोतदार, सराफ, टंकसाळे ही आडनावे. बट्टा लागणे, कसाला लागणे, खणखणीत नाणे हे वाक्प्रयोग. या सर्वांचा उगम याच बहुचलनी बाजारात आहे.

आता खुद्द शिवराई. राज्याभिषेकाच्या निमित्ताने सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडण्यात आली. होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरतो. सुरुवातीच्या तांब्याच्या शिवराया साधारण अकरा ते तेरा ग्रॅमच्या आहेत. दोन्हींवरचा मजकूर सारखाच: एका बाजूस तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र / पति’. एकूण अक्षरे नऊ. दख्खनेतील सुलतानांच्या आणि मोगलांच्या नाण्यांवर फारसी मजकूर असण्याच्या काळात हा मजकूर नागरीत कोरला गेला. याआधी विजयनगरच्या राजांनी आपल्या नाण्यांवर नागरी वापरली होती, त्या परंपरेचे स्मरण यात असणे शक्य आहे. ‘राज्यव्यवहारकोश’ ज्या काळात आणि ज्या प्रेरणेतून सिद्ध झाला, त्याच काळाची आणि प्रेरणेची ही धातूवरील खूण होय. कोश मूठभर कारकुनांच्या हाती गेला असेल. शिवराई मात्र आठवड्याच्या बाजारात मीठ-मासळी विकणाऱ्यांच्या हातात पोहोचली. ज्यांनी आयुष्यात एकही पोथी उघडली नसेल, अशा असंख्य माणसांनी हाताळलेला नागरी मजकूर बहुधा हाच असावा.

हा मजकूर टिकलाही दीर्घकाळ. संभाजी महाराजांच्या आणि पुढच्या छत्रपतींच्या नावाची नाणी पडली हे खरे. तथापि ‘श्री राजा शिव’ हा मजकूर पेशवाईतही चालू राहिला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पेशवे दप्तराच्या आधारे मराठ्यांच्या टांकसाळींवर जो निबंध लिहिला, त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. तांब्याची नाणी पाडण्याचे काम सरकार खासगी इसमांना परवान्याने देत असे; अठराव्या शतकाच्या मध्यास असे परवाने रेवदंडा आणि नागोठणे येथे, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातच, देण्यात आले होते. नाण्याचे वजन परवान्यात ठरवून दिलेले असे. अक्षरांच्या वळणावर आणि शुद्धलेखनावर मात्र कोणाची देखरेख होती, असे नाण्यांकडे पाहून वाटत नाही.

आपल्या दृष्टीने खरे कुतूहल इथून सुरू होते. शिवरायांवर ‘शिव’ आढळते, तसेच ‘सिव’, ‘सीव’, ‘शीव’ही आढळते, ‘छत्रपति’ आढळते आणि ‘छत्रपती’ही. शिवाय ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान असल्यामुळे संपूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उमटतो. एकावर ‘श्री’ अर्धी तुटलेली, दुसऱ्यावर ‘राजा’चा नुसता काना. एकाच ठशाची चार-सहा नाणी शेजारी ठेवावीत, तेव्हा कुठे त्या ठशाचा पूर्ण पाठ हाती लागतो. हस्तलिखितांचे पाठभेद नोंदवून संहिता सिद्ध करणाऱ्या संपादकाचे काम याहून फारसे निराळे नसते. हा खटाटोप प्रथम केला तो संग्राहकांनी. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळी आणि नाण्यांवरील इंग्रजी ग्रंथ 1989 साली नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेने प्रसिद्ध केला. आजही या विषयाचा अभ्यास तिथूनच सुरू करावा लागतो. छंदिष्ट म्हणून ज्यांची आपण थट्टा करतो, त्यांनी पिशव्या भरभरून तांबे जमवले नसते, तर त्यातले बरेचसे तांबटाच्या मुशीत गेले असते.

संग्राहकाच्या बाजारात मोल कसे ठरते? जगभर त्याचे निकष जवळपास सारखेच आहेत: दुर्मीळता, अवस्था आणि अस्सलपणा. अमेरिकेतील मुष्टियोद्ध्यांच्या चित्रपत्त्यांचे उदाहरण बोलके आहे. शिकागोच्या लीफ कंपनीने 1948 साली च्युइंगगमसोबत असे पत्ते काढले. मुलांनी ते खेळून-हाताळून मळवावेत अशीच ती वस्तू. त्यांपैकी रॉकी ग्राझियानोचा पत्ता अत्यल्प प्रमाणात उपलब्ध आहे, त्यामुळे त्या संचातील इतर पत्त्यांची आणि त्याची किंमत यांत तुलनाच राहिली नाही. कागद तोच, छपाई तीच. फरक फक्त किती उरले याचा. अवस्थेचेही तसेच. कोपरा दुमडलेला की कोरा, यावरून भावात अनेक पटींचे अंतर पडते. नाण्यांसाठी वापरली जाणारी 1 ते 70 ही श्रेणी विल्यम शेल्डन या अमेरिकी संग्राहकाने 1949 साली मांडली, ती मुळात भावाच्या गणितातून: 70 श्रेणीचे नाणे 1 श्रेणीच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचे असावे, असा तिचा हिशेब होता. म्हणजे वस्तूचे वर्णन करण्याची भाषाच बाजाराने घडवली.

हेच निकष शिवराईला लावून पाहावेत. तांब्याच्या शिवराया मुबलक आहेत, त्यामुळे झिजलेली साधी शिवराई आजही काही शे रुपयांत मिळते. अक्षरे पूर्ण आणि ठसठशीत असली की भाव चढतो. विरळ पाठभेद असला की आणखी चढतो. अस्सल होन संख्येने फारच थोडे, म्हणून त्यांची किंमत लाखांच्या घरात. एका नाण्याच्या अंगी ‘सिव’ हे लेखन असल्यामुळे त्याला ‘शिव’पेक्षा चार पैसे अधिक मिळावेत, ही गंमत भाषेच्या अध्यापकाला सुखावणारी आहे. ज्याला आपण वर्गात अशुद्ध म्हणून लाल शाईने खोडतो, त्याला बाजार विशेष मानतो.

परंतु बाजाराच्या हिशेबात एक रकाना नाही. हे नाणे सापडले कोठे, कोणत्या थरात, कोणत्या नाण्यांच्या सोबतीने, हा तो रकाना. समजा, रोह्याजवळच्या एखाद्या शेतात मातीच्या मडक्यात चाळीस शिवराया, दोन लाऱ्या आणि एक पोर्तुगीज नाणे एकत्र सापडले. या संचावरून कोणती शिवराई कोणत्या काळात चालत होती, चौलचा पैसा किती आत पोहोचला होता, ‘सिव’ हा पाठ कोणत्या टांकसाळीचा असावा, अशा अनेक प्रश्नांना हात घालता येईल. शिवराईवर बहुधा वर्ष नसते आणि टांकसाळीचे नावही नसते. तिचा काळ आणि ठिकाण सांगू शकेल असा भरवशाचा साक्षीदार म्हणजे तिचे सापडण्याचे स्थळ. विक्रेता मडके टाकून देतो, लारी एकाला विकतो, पोर्तुगीज नाणे दुसऱ्याला आणि शिवरायांची वर्गवारी करून त्या वेगवेगळ्या शहरांत पाठवतो. प्रत्येक नाण्याला चांगला भाव येतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र पोथीची पाने सुटी करून एकेक विकावी, तसा हा प्रकार असतो.

कायदा या बाबतीत मुका नाही. 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. 1972 च्या पुरावशेष अधिनियमाने शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेष ठरतात. त्यांच्या व्यापारास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाहीत. तरीही शेतकऱ्याला सरकारी खेटे नको असतात, सोनार रोख पैसे देतो आणि मडके गप्प बसते.

बनावटीचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. होनाला भाव आला, तसे खोटे होनही आले. अस्सल नाणे ठोकलेले असते, नक्कल बहुधा ओतीव असते. कडेला साच्याचा जोड, पृष्ठभागावर बारीक छिद्रे आणि अक्षरांच्या कडा बोथट, ही तिची ओळख. खोट्या नाण्यामुळे ग्राहकाचे पैसे बुडतात हे उघड आहे; पण खोटा पाठ अभ्यासकाच्या यादीत शिरला तर होणारे नुकसान कुणाच्या वहीत मांडले जात नाही. प्रक्षिप्त अभंगांनी गाथेच्या संपादकांना जो त्रास दिला, त्याच जातीचे हे संकट आहे.

जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला; त्या बारा किल्ल्यांत रायगड आहे आणि अलिबागसमोरच्या समुद्रातला खांदेरीही आहे. अशा मान्यतेबरोबर त्या काळच्या प्रत्येक वस्तूची मागणी वाढते, आणि मागणीमागोमाग मडकी फुटतात. बाजार बंद पाडणे अध्यापकांच्या हाती नाही आणि ते इष्टही नाही. आपल्या हाती नोंद आहे. या किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या देवघरांत ताम्हनात ठेवलेल्या शिवराया असतात; सणासुदीला चिंच लावून त्या घासल्या जातात, आणि वर्षागणिक एखादी वेलांटी पुसट होत जाते. मराठीच्या विभागाने त्यांची सूची करावी. नाणे मागू नये, किंमत सांगू नये. फक्त वजन, व्यास, दोन्ही बाजूंची छायाचित्रे, जसा दिसतो तसा अक्षरपाठ, आणि ते घरात कोठून आले याविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे एवढे उतरून घ्यावे. ‘सिव’ दुरुस्त करून ‘शिव’ लिहू नये, आणि तुटलेले अक्षर अंदाजाने पुरे करू नये. चिंच लावू नका, एवढे मात्र निघताना अवश्य सांगावे.