सिमोनॉव्ह कार्बाइन (एसकेएस) : आयात प्रकार

सोव्हिएट बनावटीची अर्धस्वयंचलित रायफल. तिची रचना सर्गेई गाव्रीलोविच सिमोनॉव्ह (१८९४–१९८६) यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात केली. पूर्वी त्यांनीच तयार केलेल्या १४·५ मिमी. रणगाडाविरोधी रायफलीची यंत्रणा लहान प्रमाणात येथे वापरलेली आढळते. ७·६२ × ३९ मिमी. हे मध्यम शक्तीचे काडतूस, दहा काडतुसांची स्थिर पेटी आणि नळीखाली दुमडणारी संगीन ही तिची प्रमुख लक्षणे होत. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. पुढील काडतूस मात्र वायूच्या दाबाने सरकणाऱ्या दट्ट्यामुळे आपोआप भरले जाते. सोव्हिएट सैन्याने ती १९४९ मध्ये स्वीकारली. परंतु कलाशनिकॉव्हच्या रायफलीपुढे तिचे आघाडीवरील स्थान अल्पकाळच टिकले. यामुळेच ती मोठ्या प्रमाणावर कोठारांत पडून राहिली आणि पुढे शिलकी माल म्हणून नागरी बाजारात आली.

अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून या रायफली मोठ्या प्रमाणावर आयात झाल्या. त्या काळी शंभर डॉलरांच्या आत मिळणारी ही रायफल अनेकांची पहिलीच रायफल ठरली. स्वस्त म्हणून सर्व प्रकार सारखेच, अशी त्या खरेदीदारांची समजूत असे. ती बरोबर नव्हती.

तूला व इझेव्हस्क येथील सोव्हिएट रायफलींचे काम सर्वांत नेटके मानले जाते. इझेव्हस्क येथे उत्पादन केवळ १९५३-५४ मध्ये झाल्याने संग्राहक त्यांना अधिक किंमत देतात. रूमानियात कुजीर येथे १९५७ ते १९६० या काळात तयार झालेल्या रायफली सोव्हिएट नमुन्याच्या जवळ जातात. चीनने १९५६ पासून ‘टाइप ५६’ या नावाने सर्वांत अधिक उत्पादन केले. सुरुवातीच्या चिनी रायफली मूळ नमुन्याबरहुकूम होत्या; पुढे पात्याच्या संगिनीऐवजी सुळ्यासारखी संगीन आली आणि उत्पादनखर्च कमी करण्यासाठी काही भागांची घडण साधी करण्यात आली. तथापि चिनी रायफल म्हणजे हलका माल, हा सर्रास आढळणारा ग्रह अन्यायकारक आहे. तिच्या नळीला आतून सामान्यतः क्रोमियमचा मुलामा असतो आणि नवशिक्याच्या दृष्टीने तोच गुण मोलाचा आहे.

यूगोस्लाव्हियाच्या क्रागुयेव्हात्स येथील झास्तावा कारखान्यातील ‘एम ५९/६६’ या प्रकारात नळीच्या टोकाला ग्रेनेड फेकण्याची जोडणी व वायू बंद करण्याची झडप असते. त्यामुळे रायफल लांब व पुढच्या बाजूला जड होते. लाकूडकाम व पोलादकाम उत्तम. पण नळीला क्रोमियमचा मुलामा नाही. जुन्या लष्करी काडतुसांच्या ज्वालकात पोटॅशियम क्लोरेट असे. त्याच्या ज्वलनातून उरणारा क्षार हवेतील ओलावा शोषून पोलाद गंजवितो. तो तेलाने जात नाही, पाण्याने धुवावा लागतो. ही गोष्ट माहीत नसल्याने अनेक चांगल्या यूगोस्लाव्ह नळ्या वाया गेल्या.

याहून गंभीर बाब आघातक पिनेची. सुरुवातीच्या सोव्हिएट रायफलींत ती स्प्रिंगने मागे राहत असे. नंतरच्या बहुतेक सर्व प्रकारांत ती मोकळी आहे. दीर्घकाळ साठविताना चोपडलेले घट्ट वंगण बोल्टमध्ये साचून पिन पुढच्या स्थितीत अडकल्यास, बोल्ट मिटताच चाप न ओढता गोळी सुटू शकते. कधी एकामागून एक सुटतात. म्हणून कोठारातून आलेली रायफल पहिल्यांदा वापरण्यापूर्वी बोल्ट पूर्ण सोडवून स्वच्छ करणे व पिन सैल हलते की नाही हे पाहणे अनिवार्य ठरते. देश कोणता, यापेक्षा हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

कायद्यानेही बाजाराचे स्वरूप वारंवार बदलले. १९९४ मध्ये अमेरिकेने चिनी बंदुका व दारूगोळ्याची आयात थांबविली आणि चिनी प्रकार दुर्मिळ होऊ लागला. पुढील दशकात यूगोस्लाव्ह रायफलींनी ती जागा भरून काढली. मूळ लष्करी रूपातील यूगोस्लाव्ह रायफलीला तेथे ‘संग्राह्य वस्तू’ असा दर्जा होता. कुंदा वा काडतूसपेटी बदलणारा मालक तो दर्जा आणि वस्तूची किंमत दोन्ही गमावण्याची शक्यता असे. ऑस्ट्रेलियाने १९९६ मधील पोर्ट आर्थर येथील हत्याकांडानंतर आणि न्यूझीलंडने २०१९ मधील क्राइस्टचर्च येथील हत्याकांडानंतर अशा रायफलींच्या नागरी वापरावर कडक निर्बंध घातले व मालकांकडून त्या मोबदला देऊन परत घेतल्या.

भारतात ही रायफल नागरी बाजारात कधीच रुळली नाही; ७·६२ मिमी. व्यासाच्या अर्धस्वयंचलित रायफली शस्त्रविषयक नियमांनुसार निषिद्ध वर्गात मोडतात. भारतीय जवानांना तिचा परिचय झाला तो १९६२ च्या युद्धात, चिनी सैनिकांच्या हातातील ‘टाइप ५६’ च्या रूपाने. त्या वेळी आपल्या पायदळाकडे प्रामुख्याने ·३०३ एन्फील्ड रायफली होत्या आणि त्यांचा बोल्ट प्रत्येक गोळीनंतर हाताने मागे ओढावा लागे.