मेमरी फोमची गादी : उगम, निवड व निगा – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

मनुष्याच्या आयुष्याचा सुमारे एकतृतीयांश काळ अंथरुणात जातो. असे असूनही अंथरूण हा इतिहासलेखनातील उपेक्षित विषय राहिला आहे. राजवाड्यांतील मंचकांची वर्णने विपुल आढळतात. परंतु सामान्य माणसाच्या गादीत काय भरलेले होते, ती कोणी भरली आणि ती कशी टिकवली जात असे, याच्या नोंदी क्वचितच सापडतात. आज शहरी मध्यमवर्गीय घरांत मेमरी फोमची गादी परिचयाची झाली आहे. तिच्याविषयीची सर्वसामान्य माहिती मात्र प्रामुख्याने जाहिरातींतून आलेली असते. प्रस्तुत निबंधात या पदार्थाच्या उगमाचा मागोवा घेऊन, त्याआधारे त्याची निवड व निगा यांचा विचार केला आहे.

कापसाच्या गादीची परंपरा :

महाराष्ट्रातील घरांत दीर्घकाळ कापसाचीच गादी वापरली जात असे. उशीसाठी सावरीचा कापूस, बैठकीसाठी लोड व तक्के आणि निजण्यासाठी जाड खोळीत भरून टाके घातलेली गादी, असा हा सरंजाम असे. वापराने कापूस दबला, त्याचे गोळे झाले की पिंजाऱ्याला बोलावले जाई. तो धनुष्यासारख्या आपल्या साधनाची तार छेडीत कापूस मोकळा करी आणि तोच कापूस पुन्हा खोळीत भरून गादी शिवून देई. दोन खेपांच्या मधल्या काळात गादी उन्हात टाकणे हीच तिची निगा होय. कापसाने शोषलेला दमटपणा त्यामुळे जाई व तंतू फुलत. अशा रीतीने कापसाची गादी ही एकदाच तयार होऊन संपणारी वस्तू नव्हती. ती पुनःपुन्हा घडवली जात असे. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

पॉलियुरेथेनपासून मेमरी फोमपर्यंत :

मेमरी फोम हा पॉलियुरेथेनचा एक प्रकार आहे. पॉलियुरेथेनच्या रसायनशास्त्राचा पाया 1937 मध्ये जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला. (ज्या सुप्रसिद्ध उद्योगाच्या नावाशी त्यांच्या आडनावाचे साम्य आहे, त्याच्या संस्थापक घराण्याशी त्यांचे नाते नव्हते.) दुसऱ्या महायुद्धानंतर, 1950 च्या दशकात, लवचीक फोमचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि आसने व गाद्या यांत त्याचा शिरकाव झाला. हा साधा फोम दाबला की तत्काळ उसळून मूळ आकार घेतो.

मंद गतीने पूर्ववत होणारा फोम मात्र वेगळ्या गरजेतून निर्माण झाला. अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेच्या कॅलिफोर्नियातील एम्स संशोधन केंद्रासाठी 1966 मध्ये विमानाच्या आसनांवर काम सुरू होते. अपघातात बसणारा आघात शोषला जावा आणि दीर्घ प्रवासात शरीरावरचा दाब सर्वत्र विभागला जावा, हा त्यामागील हेतू होता. या कामातून अभियंता चार्ल्स योस्ट यांनी हा फोम विकसित केला. एम्स केंद्रातील चिहारू कुबोकावा यांचे नावही या संशोधनाशी निगडित आहे. योस्ट यांनी पुढे स्वतःची कंपनी स्थापन करून त्याचा प्रसार केला. रुग्णांच्या गाद्या, चाकांच्या खुर्च्यांची आसने, अमेरिकन फुटबॉलपटूंची शिरस्त्राणे असा त्याचा प्रवास झाला. घरगुती गादी त्यानंतर बऱ्याच काळाने आली. स्वीडनमधील फागेरडाला या कंपनीने 1991 मध्ये तशी गादी बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत तिची विक्री सुरू झाली.

यावरून ‘अंतराळवीरांसाठी बनवलेली गादी’ हा प्रचलित समज अपुरा असल्याचे स्पष्ट होते. संशोधनाचा मूळ विषय अंतराळयान नव्हे, तर विमानातील आसन होते. हा भेद केवळ तपशिलाचा नाही. ‘अंतराळ’ या शब्दाने ग्राहक दिपतो. ‘आसन’ हा शब्द मात्र पदार्थाचा खरा गुण सांगतो. तो गुण म्हणजे दाबाचे विभाजन होय.

गुणधर्म व निवड :

या फोममध्ये घनपदार्थाची स्थितिस्थापकता आणि दाट द्रवाचा संथपणा असे दोन्ही गुण एकत्र आढळतात. शरीराच्या उष्णतेने तो मऊ होतो, थंडीत कडक होतो. त्यामुळे एकच गादी नागपूरच्या उन्हाळ्यात व महाबळेश्वरच्या हिवाळ्यात सारखी भासणार नाही. उष्णता धरून ठेवण्याचा दोषही त्यात आहे; उकाड्याच्या प्रदेशात त्याचा विचार अवश्य व्हावा.

निवड करताना जाडीपेक्षा घनता अधिक महत्त्वाची ठरते. दर घनमीटरला सुमारे 50 किलोग्रॅम वा त्याहून अधिक घनतेचा थर सामान्यतः जास्त टिकतो. संपूर्ण गादी मेमरी फोमची नसतेच. वरचा 5 ते 10 सेंटीमीटरचा थर त्याचा व खाली अधिक घट्ट फोम, अशी रचना बहुधा असते. दोन्ही थरांची जाडी व घनता विक्रेत्याकडून लेखी घेणे इष्ट. कुशीवर निजणाऱ्यास काहीशी मऊ, तर पालथे निजणाऱ्यास घट्ट गादी मानवते. दुकानात हाताने दाबून पाहणे पुरेसे नाही; नेहमीच्या स्थितीत दहा-पंधरा मिनिटे पडून राहावे, कारण फोम ऊब लागल्यावरच आपले रूप दाखवतो. तान्ह्या बाळासाठी मात्र ही गादी सुरक्षित नाही. त्याला घट्ट व सपाट पृष्ठभागच हवा.

निगा :

जुन्या सवयी येथे घात करतात. गादी उन्हात टाकणे कापसाला हितकारक होते. पॉलियुरेथेन मात्र सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी पिवळे पडते व ठिसूळ होते. ती सावलीत, वाऱ्यावर ठेवावी. नव्या गादीचा वासही खिडक्या उघड्या ठेवल्यास काही दिवसांत ओसरतो. ती धुऊ नये; आत शिरलेले पाणी लवकर निघत नाही आणि कोकणच्या पावसाळ्यात तर बुरशी हमखास धरते. हवा खेळती राहील असा फळ्यांचा पलंग आणि काढून धुता येईल असा अभ्रा, एवढ्याने बरेच साधते. थरांची रचना ठरलेली असल्याने गादी पालथी घालण्याऐवजी काही महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवावी. हा पदार्थ ज्वलनशील असून त्याचा धूर विषारी असतो. डासांची जळती कॉइल पलंगाखाली ठेवण्याची सवय येथे धोक्याची आहे.

सर्वांत मोठा फरक दुरुस्तीचा आहे. फोमची सूक्ष्म जाळी एकदा मोडली की ती पूर्ववत करणारा कोणी पिंजारी नाही. पूर्वी वर्षानुवर्षे विभागून होणारी देखभाल आता जणू खरेदीच्या एका दिवसात एकवटली आहे. म्हणून हमीपत्रातील एक कलम बारकाईने वाचावे : किती खोल खड्डा पडल्यास तो दोष मानला जाईल? ही मर्यादा अनेकदा अडीच ते चार सेंटीमीटर असते. गादीवर कोणी नसताना आडवी सरळ काठी ठेवून हा खड्डा घरीही मोजता येतो.