लाल रेघेअलीकडचा काटा

आमच्या महागाव तालुक्यात गुंजला साखर कारखाना आहे. कुठल्याही कारखान्यात बॉयलरवर घड्याळासारखं गोल प्रेशर गेज असतं आणि तबकडीवर एक लाल रेघ. काटा तिच्या अलीकडे राहायला हवा. पाळीभर माणूस त्या काट्याच्या भरवशावर उभा असतो. पण काटा खरं बोलतोय, हे कोण सांगणार?

पॅरिसच्या यूजीन बोर्डोंनं १८४९ मध्ये या गेजचं पेटंट घेतलं. आत चपटी, वाकवलेली धातूची नळी असते. दाब आला की ती किंचित सरळ होते आणि दातेरी चाकं ती हालचाल काट्यापर्यंत नेतात. जत्रेतली फुंकर मारली की उलगडणारी कागदी पिपाणी आठवा.

पण धातूही थकतो. काटा जास्त दाखवू लागला तर काम अडतं; कमी दाखवू लागला तर जीव जातात. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली, तेव्हा कुठे १८६४ मध्ये बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला. भारतीय बॉयलर कायदा व्हायला १९२३ उजाडलं! आजही बॉयलरवर निरीक्षकाचं गेज जोडायला वेगळी जागा ठेवावी लागते. दोन काटे शेजारी शेजारी, म्हणजे खोटं लपत नाही.

मग निरीक्षकाचं गेज कोण तपासतं? प्रयोगशाळेत त्याचं उत्तर अगदी साधं आहे: वजनं. तेल भरलेल्या सिलिंडरमध्ये नेमका बसणारा दट्ट्या आणि त्यावर वजनांच्या चकत्या. वजनाचा भार भागिले दट्ट्याचं क्षेत्रफळ, झाला दाब. घर्षणानं अडकू नये म्हणून दट्ट्या फिरता ठेवतात. काट्याचे आकडे दाब चढवताना लिहितात, उतरवताना पुन्हा लिहितात. दोन्हींतला फरक वाढला की नळी किंवा चाकं झिजल्याचा संशय घ्यायचा.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. १९०१ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा प्रमाण आकडा ठरला ९.८०६६५. विषुववृत्ताकडे सरकलं की ते ओढणं कमी होतं. अक्षांश आणि उंची धरून हिशेब केला, तर महागावला ते ९.७८५ च्या आसपास येतं. म्हणजे त्या प्रमाणावर बेतलेल्या चकत्या इथे सुमारे ०.२ टक्के कमी दाबतात. १०० बारला ०.२ बार. कारखान्यातल्या गेजला एवढं चालून जातं. ज्या वजनांशी ते ताडायचं, त्यांना चालत नाही. म्हणून चांगली प्रयोगशाळा आधी आपल्या जागेचं गुरुत्वाकर्षण हिशेबात धरते आणि मगच दाखल्यावर सही करते.