देवनहळ्ळी : मातीचा लढला, दगडाचा नाही

बेंगळुरूला विमानाने येणारा प्रत्येक माणूस देवनहळ्ळीत उतरतो आणि बहुतेक जण ते नाव न वाचताच टॅक्सीत बसतात. 2008 मध्ये विमानतळ सुरू झालं आणि गावाची ओळख तेवढीच उरली. तिथून थोड्याच अंतरावर दगडी भुईकोट आहे. इथल्या पोस्टिंगमध्ये रविवार मोकळा मिळाला की मी तिकडे जातो.

साधारण वीस एकरांचा, लांबट गोल आकाराचा, बारा अर्धगोल बुरुजांचा किल्ला. घडीव दगडांच्या सांध्यांतून पिंपळ आणि झुडपं वर आली आहेत. काही ठिकाणी मुळांनी चिरे असे उचललेत की कुणीतरी पहार घालून उपटावेत. आत घरं आहेत, वस्ती आहे, वेणुगोपालस्वामींचं देखणं मंदिर आहे. जवळच खांबांची एक बुटकी दगडी चौकट दिसते. टिपू सुलतान जन्मला ती ही जागा.

सैनिकाच्या नजरेने पाहिलं तर जागा साधीच. सपाट मैदान, ना डोंगर, ना नदीचा आडोसा. आपल्या चाकणच्या संग्रामदुर्गासारखी. फिरंगोजी नरसाळ्यांनी 1660 मध्ये शाइस्तेखानाला तिथे जवळपास दोन महिने अडकवून ठेवलं, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. देवनहळ्ळीचंही असं एक प्रकरण आहे, फक्त ते आपल्याकडे कुणी सांगत नाही.

मूळ किल्ला मातीचा. आवतीच्या घराण्यातल्या मल्लबैरेगौडाने तो 1501 मध्ये बांधला असं सांगतात. 1749 मध्ये म्हैसूरच्या नंजराजाने त्याला वेढा घातला, तेव्हा या मातीच्या तटांमागे इथल्या पाळेगाराने महिनोन्महिने दम काढला. त्या वेढ्यात भावाच्या तुकडीबरोबर आलेला, तिशीही न गाठलेला एक स्वयंसेवक नंजराजाच्या नजरेत भरला. तो हैदर. पुढे बाप-लेकांनी हाच किल्ला दगडात नव्याने बांधला. मधल्या काळात तो अनेकदा मराठ्यांच्याही हाती येऊन गेला. हा मुलूख तसा आपल्या माणसांच्या पायाखालचा. शेजारचं दोड्डबळ्ळापूर 1638 नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं.

आणि मग 1791 साल. 21 मार्चच्या रात्री कॉर्नवॉलिसने बेंगळुरूचा किल्ला हल्ला करून घेतला. आठवड्याभरात तो निजामाच्या घोडदळाला गाठायला उत्तरेकडे निघाला. वाटेत देवनहळ्ळी आणि चिक्कबळ्ळापूर. दोन्ही ठाणी लढाईविना हाती आली.

मातीचा कोट महिनोन्महिने लढला आणि दगडाचा लढलाच नाही! तटावर उभं राहून मला हेच कोडं पडायचं. किल्लेदाराला भेकड म्हणणं सोपं आहे, मी म्हणणार नाही. बेंगळुरू पडल्यावर त्याला कुमक येणार कुठून? किल्ला शत्रूला थोपवतो तो मागून कोणीतरी येईल या भरवशावर. तो भरवसा संपला की भिंतीची जाडी मोजण्यात अर्थ नसतो. उत्तर सीमेवरच्या चौक्यांवर राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

याच मोहिमेत नंदीदुर्ग मात्र लढला. देवनहळ्ळीहून नंदीचा डोंगर स्वच्छ दिसतो. चढाई शक्य ती एकाच अंगाने, आणि तिथे दुहेरी तटबंदी. मेजर गौडीच्या लोकांनी तोफा त्या चढावर कशा ओढून नेल्या असतील, हे रानातून वर जाताना घाम फुटल्यावर कळतं. जवळपास तीन आठवडे वेढा चालला. 19 ऑक्टोबर 1791 च्या पहाटे चंद्रप्रकाशात हल्ला झाला. वरून लोटलेल्या धोंड्यांनी गोळ्यांपेक्षा जास्त माणसं जायबंदी केली.

या सगळ्यात आपण कुठे होतो? कॉर्नवॉलिसच्या बाजूला. 1790 मध्ये पुण्याला तह झाला होता. परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या वेढ्यात सहा महिन्यांहून जास्त गुंतून पडले. ते आणि हरिपंत फडके मे महिन्यात मेलकोट्याजवळ पोहोचले, तेव्हा श्रीरंगपट्टणाच्या दारातून कॉर्नवॉलिस माघारी फिरला होता. बैल मेले, दाणा संपला, वेढ्याच्या अवजड तोफा त्याने स्वतःच निकामी केल्या. त्या उपाशी फौजेला जगवलं ते मराठी छावणीच्या बाजाराने. भाव मात्र असे लावले की इंग्रजांनी त्याबद्दल तक्रारीच्या सुरात लिहून ठेवलंय. आमच्या बनियांनी संधी सोडली नाही एवढंच!

त्याच मोहिमेत पटवर्धनांच्या फौजेतल्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. मठाची घडी पुन्हा बसवायला मदत केली ती टिपूने. त्याची पत्रं मठातच सापडली, 1916 मध्ये. आपल्या बाजूच्या लोकांनी केलेलं आहे, म्हणून ते वगळून ही मोहीम सांगणं मला पटत नाही.

1792 च्या तहात टिपूचं निम्मं राज्य गेलं आणि तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख पुण्याच्या वाट्याला आला. पुण्यात तो मोठा विजय ठरला. 1799 मध्ये टिपू पडला, 1818 मध्ये पेशवाई. मेलकोट्याला कॉर्नवॉलिसला दाणा विकला नसता तर काय झालं असतं, यावर आमच्या मेसमध्ये एकदा रात्री दीडपर्यंत वाद रंगला होता. तोफखान्याच्या एका मित्राचं म्हणणं, इंग्रजांनी वर्षभराने पुन्हा मोहीम काढलीच असती. मला ते अजून पटलेलं नाही.

नंदीला सूर्योदय पाहायला पहाटे गाड्यांची रांग लागते. परतताना देवनहळ्ळीला वळा. तटावर चढा, पण पिंपळाच्या मुळांनी सैल केलेल्या चिऱ्यांवर पाय देऊ नका. पावसाळ्यात तर नकोच.