शनिवारी डॉक्टर, बुधवारी मास्टर

जॉर्ज वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ला, शनिवारी रात्री गेले. शेवटच्या दिवशी उशाशी बसलेल्या तीन डॉक्टरांत एलिशा डिक सर्वांत लहान, ३७ वर्षांचे. मी व्हर्जिनियात आयुष्यभर कान-नाक-घशाची प्रॅक्टिस केली. त्यामुळे माउंट व्हर्ननच्या त्यांच्या घरातल्या त्या खोलीचं वर्णन वाचताना माझी नजर डिक यांच्यावरच खिळते.

वॉशिंग्टन यांचा घसा सुजलेला, आवाज गेलेला, औषधाचा घोट गिळताना जीव घुसमटायचा. श्वासनलिकेच्या तोंडावरची झडप सुजली की असंच होतं, हे आज आम्ही सांगू शकतो. तेव्हाचा उपाय म्हणजे रक्त काढणं. सकाळी वॉशिंग्टन यांनी स्वतःच मुकादमाला बोलावून शीर कापून घेतली होती. दिवसभरात एकूण चार वेळा रक्त काढलं गेलं. आता पुरे, यांच्या अंगात जी ताकद उरलीय ती राहू द्या, असं डिक यांचं म्हणणं होतं. गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट मोकळी करावी, असंही त्यांनी सुचवलं. तेव्हा ती शस्त्रक्रिया फारशी कुणी केलेली नव्हती. वडीलधाऱ्या डॉक्टरांनी मानलं नाही. त्या उपायाने ते वाचले असते असं मी म्हणणार नाही, पण त्या खोलीत सर्वांत नीट विचार याच माणसाने केला, हे मी ठामपणे म्हणतो.

हेच डॉ. डिक माउंट व्हर्ननजवळच्या अलेक्झांड्रिया गावच्या २२ नंबरच्या फ्रीमेसन लॉजचे मास्टर, म्हणजे प्रमुख, होते. मुंबईकरांना लॉज म्हटलं की फोर्टातला फ्रीमेसन्स हॉल आठवेल. हीही त्याच बंधुमंडळाची शाखा. १७८८मध्ये लॉजला व्हर्जिनियाची सनद मिळाली, तेव्हा तिच्यावर मास्टर म्हणून वॉशिंग्टन यांचंच नाव होतं. पुढे लॉजने त्यांचं चित्रही काढून घेतलं. चित्रकार विल्यम्सचं १७९४चं ते चित्र मला फार आवडतं: गळ्यात मेसन मंडळींची पदकं, आणि चेहऱ्यावर देवीचे वण, तीळ, जुनी खूण, सगळं जसंच्या तसं. आठ वर्षं सेनापती, आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या माणसाला गावच्या लॉजने असं बघितलं.

मिरवणूक नको, भाषण नको, असं वॉशिंग्टन मृत्युपत्रात लिहून गेले होते. लॉजने आणि गावच्या पलटणीने मिरवणूक काढलीच. मला त्याचा राग येत नाही. काँग्रेसने पुढे फिलाडेल्फियात सोहळा केला, तो देशाचा. बुधवार, १८ डिसेंबरला माउंट व्हर्ननला जमले ते शेजारी होते. पेटीला खांदा देणाऱ्या कर्नलांपैकी बहुतेक लॉजचेच. पोटोमॅकमध्ये उभ्या गलबतावरून ठराविक अंतराने तोफ धडाडत होती. पेटीवर तलवार आणि मेसनचा एप्रन. आधी पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली, मग डिक पुढे झाले आणि त्यांनी मेसन रीतीचे विधी केले. शनिवारी ज्याचा सल्ला मानला गेला नाही, त्यानेच बुधवारी शेवटचा मान द्यायचा. डिक यांनी आदल्या रात्री काय सोसलं असेल, हे रुग्ण गमावलेल्या प्रत्येक डॉक्टरला कळेल.

मिरवणुकीत वॉशिंग्टन यांचा रिकामा घोडाही होता, खोगीर आणि पिस्तुलांसह. लगाम धरणारे सायरस आणि विल्सन हे गुलाम होते. अंगावर सुतकाचे काळे कपडे, पण बंधुत्वाच्या त्या रांगेत ते भाऊ म्हणून नव्हते. ही गोष्ट मला बोचते आणि ती झाकून पुढे जाता येत नाही. बॉस्टनमध्ये प्रिन्स हॉल या कृष्णवर्णीय गृहस्थांनी १७८४मध्ये लंडनहून सनद मिळवून आपलं लॉज उभं केलं होतं. त्याच बॉस्टनच्या ग्रँड लॉजने, म्हणजे लॉजांच्या मुख्य मंडळाने, जानेवारी १८००मध्ये मार्था वॉशिंग्टन यांच्याकडे नवऱ्याच्या केसांची एक बट मागितली. बट आली, कारागीर पॉल रिव्हियर यांनी तिच्यासाठी सोन्याचा छोटा कलश घडवला, आणि तो आजही प्रत्येक नव्या ग्रँडमास्टरच्या हाती सोपवला जातो. प्रिन्स हॉल तेव्हा हयात होते, त्याच शहरात राहत होते. त्यांच्या लॉजला मात्र या ग्रँड लॉजने मान्यता दिली नव्हती.