ऑपरेशन्स रिसर्च म्हणजे काय? कुंभाच्या गर्दीतलं गणित

27 ऑगस्ट 2003. नाशिकच्या कुंभमेळ्यात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविकांचा जीव गेला. एका वेळी किती माणसं पुढे सोडायची, हा प्रश्न पोलिसांइतकाच गणिताचाही आहे. असे प्रश्न सोडवणारी उपयोजित गणिताची शाखा म्हणजे ऑपरेशन्स रिसर्च. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या लष्करी कामातून ती आकाराला आली.

रांगांचा सिद्धांत हा तिचाच भाग. त्यातला जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम शाळकरी मुलालाही जमेल : आतली गर्दी = मिनिटाला येणारे × सरासरी थांबण्याची मिनिटं. समजा, घाटावर मिनिटाला 100 जण येतात आणि 15 मिनिटं थांबतात. म्हणजे घाटावर कायम 1500 जण. तेच 10 मिनिटांत निघाले तर 1000. घाट इंचभरही रुंद न करता!

पण येणारे मोजायचे कसे? 2015 च्या कुंभात नाशिकच्या तरुणांनी वाटेवर सेन्सरच्या चटया अंथरून पावलं मोजली. त्या यंत्रणेचं नाव ‘आशियोतो’.

बीएस्सीला गणित घेतलं की सहसा लिनिअर प्रोग्रॅमिंग, मालवाहतूक, कामवाटप एवढंच भेटतं. रांगा बहुतेकदा त्यापुढच्या शिक्षणात येतात.